मालिशचं काम शिकायचंय? मग हे आधी वाचा

मला आठवड्याला एखादा तरी फोन येतो, ताई मालिशचं शिकायचंय, कोर्स कुठला करू, पैसे किती मिळतात, घरचे नको म्हणतात काय करू. प्रत्येकीला तेच सांगून सांगून वाटलं की एकदा नीट लिहूनच काढावं. मी मूळची कराडजवळची, बारावी झाल्यावर पुण्याला आले आणि गेली अकरा वर्षं हेच काम करतेय, आधी तीन वर्षं एका स्पामध्ये, मग चार वर्षं एका वैद्यांकडे पंचकर्माला आणि आता चार वर्षं स्वतःच्या गिऱ्हाईकांकडे घरी जाऊन. मला सुरुवातीला वाट दाखवणारं कोणी नव्हतं त्यामुळे दोन वर्षं वाया गेली, आणि पुढे माझ्याच चुकीनं हात जवळजवळ गेलाच होता. तुमचं तसं होऊ नये. या कामात भांडवल दोनच, हात आणि नाव, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं ही दोन कशी जपायची त्याबद्दलच आहे.

१. आधी स्वतः मालिश करून घ्या

शिकायला येणाऱ्या दहातल्या आठ मुलींनी स्वतः कधी मालिश करून घेतलेली नसते. कोर्सची फी भरायच्या आधी थोडे पैसे बाजूला काढा आणि दोन-तीन प्रकारची मालिश घ्या, एक आयुर्वेदिक अभ्यंग म्हणजे अंगभर तेलाची मालिश, एक स्पामधलं स्वीडिश, लांब हात फिरवत करतात ते, जमलं तर थाई, जी जमिनीवर गादी टाकून कपड्यांवरूनच करतात आणि तेल नसतं. टेबलवर पडल्यावर लक्ष ठेवा. तेल अंगावर गार लागलं का, मधेच हात उचलला की दचकल्यासारखं होतं का, दाब कसा हवा ते मालिश करणारीनं विचारलं का, चादर नीट झाकली का. घरी आल्यावर लिहून ठेवा. मी आजही वर्षातून दोनदा नव्या ठिकाणी जाऊन घेते, कारण टेबलवर पडल्याशिवाय गिऱ्हाईकाला काय वाटतं ते कळतच नाही.

२. कुठल्या वाटेनं जायचं ते ठरवा

मालिश म्हटलं तरी कामं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं शिकणं वेगळं आहे.

स्पा: स्वीडिश, डीप टिश्यू म्हणजे खोल दाबाची, अरोमा म्हणजे सुगंधी तेलाची, पायांचं रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे तळव्याच्या ठरावीक जागा दाबणं. हॉटेल, रिसॉर्ट, गोव्यातली सीझनची कामं यातच येतात. बोलणं-वागणं, थोडं इंग्रजी, युनिफॉर्म याला महत्त्व.

पंचकर्म: अभ्यंग, पिंडस्वेद म्हणजे पोटलीचा शेक, शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची धार, उद्वर्तन म्हणजे चूर्णानं अंग चोळणं. इथं वैद्य सांगतील ते आणि तेवढंच करायचं, आपण उपचार ठरवायचे नाहीत. मला स्वतःला हे काम सगळ्यात जास्त आवडलं, कारण एकच पेशंट सात-चौदा दिवस रोज येतो आणि अंगात पडलेला फरक आपल्या हाताला कळतो.

बाळ-बाळंतीण: आपल्याकडे याला कधीच मरण नाही. पण जबाबदारी सगळ्यात मोठी, त्याबद्दल खाली लिहिलंय.

खेळाडूंची मालिश: कोल्हापूरच्या तालमीत मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे नवीन नाही. आता धावणारे, सायकलवाले, कबड्डीची पोरं सगळेच मालिश घेतात. मुलांना, म्हणजे पुरुष थेरपिस्टना, स्पात जागा कमी मिळतात पण इथं भरपूर वाव आहे.

पहिल्या दिवशीच सगळं शिकायला जाऊ नका. एक धरा, दोन वर्षं त्यात मुरा, मग दुसरं.

३. कोर्स निवडताना

आपल्या देशात मालिश करायला डॉक्टरांसारखं सरकारी लायसन्स नाही, त्यामुळे कोणीही बोर्ड लावतो आणि कोणीही सर्टिफिकेट देतो. सगळी गडबड इथूनच सुरू होते. सरकारी स्किलमध्ये ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट असे कोर्स आहेत, स्किल इंडियाच्या पोर्टलवर जवळचं सेंटर शोधता येतं. पंचकर्मासाठी आयुर्वेद कॉलेजांच्या हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, काही ठिकाणी टेक्निशियनचे कोर्स असतात आणि तिथं पेशंटवर हात बसतो. सिडेस्को, आयटेक असे परदेशी डिप्लोमाही आहेत, पण महाग आहेत, जहाजावर किंवा बाहेरच्या देशात काम करायचं पक्कं असेल तरच त्यांचा विचार करा. पहिल्याच वर्षी कर्ज काढून तर अजिबात करू नका.

फी भरण्याआधी एवढं विचारा: प्रत्यक्ष हातानं सराव किती तास, एका टेबलमागे किती मुली, शिकवणारीनं स्वतः किती वर्षं काम केलंय, शरीररचना शिकवतात का, आणि जुन्या दोन विद्यार्थिनींचे नंबर द्याल का. शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा बघा, बरंच कळतं.

सापळा: "पंधरा दिवसांत सर्टिफिकेट आणि दुबईत नोकरी." माझ्याबरोबरची एक मुलगी अशा एजंटला पैसे देऊन बसली, व्हिसा निघाला टुरिस्टचा. बाहेर जायचंच असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा, आणि टुरिस्ट व्हिसावर कामाला जाऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

४. शरीर शिका, नुसते हात फिरवायला नको

गिऱ्हाईक येऊन म्हणतं शीर चढली, उसण भरली, मान आखडली, पोटरीत गोळा येतो. प्रत्येक शब्दामागे कुठला स्नायू असेल ते तुमच्या डोळ्यांसमोर यायला पाहिजे. सगळी पुस्तकं पाठ करायची गरज नाही, सुरुवातीला पंचवीस-तीस मोठे स्नायू पुरेत, ते कुठून निघतात, कुठं चिकटतात आणि काय हलवतात. मानेपासून खांद्यावर उतरणारा ट्रॅपेझियस, कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारे इरेक्टर स्पायनी, खुब्यातला पिरिफॉर्मिस. पिरिफॉर्मिसला लागूनच सायटिक नस जाते, म्हणून तिथं कोपर रुतवायचं नाही. मी तक्ता आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि रात्री बहिणीच्या पाठीवर बॉलपेननं रेषा काढायचे, खवाट्याची कड कुठं आहे, बरगडी कुठून सुरू होते.

जिथं जोर लावायचा नाही त्या जागाही तेव्हाच पाठ करा: गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्याच्या मागची खोबण, बरगड्यांखाली पाठीत जिथं मूत्रपिंडं असतात तो भाग, आणि कण्याची हाडं. दाब कण्याच्या बाजूला द्यायचा, कण्यावर कधीच नाही.

पद्धतीत फरक असतो तोही समजून घ्या. स्वीडिशमध्ये लांब हात बहुतेक हृदयाच्या दिशेनं जातो, अभ्यंगात केसांच्या दिशेनं म्हणजे अनुलोम आणि सांध्यांवर गोल. दोन्ही शिकलात तर मिसळू नका, गिऱ्हाईकानं जे मागितलंय ते द्या.

५. हात वाचवा (कृपा करून हे नीट वाचा)

मला शिकवणाऱ्या काकू साठीच्या पुढच्या होत्या, अंगानं बारीक, आणि त्यांचा दाब पैलवानासारखा. पहिल्या आठवड्यात त्यांनी टेबलवर वजनाचा काटा ठेवला, आपण घरी पाय ठेवून बघतो तो, वर टॉवेल घातला आणि म्हणाल्या दोन्ही अंगठ्यांनी दाब, दहा किलोवर आण आणि मिनिटभर तिथंच ठेव. मी दात-ओठ खाऊन दाबलं, काटा सात-अकरा-आठ असा नाचत होता आणि अर्ध्या मिनिटात अंगठे कापायला लागले. मग त्यांनी माझा एक पाय मागे घ्यायला लावला, टाच टेकवायला लावली, खांदे खाली सोडायला सांगितले, अंगठ्यांऐवजी पुढचा हात काट्यावर आडवा ठेवला आणि म्हणाल्या, आता दाबू नको गं, नुसती पुढं झुक. काटा दहावर जाऊन थांबला, हलेचना. मला काही म्हणजे काही जोर लावावा लागला नाही. तो काटा घरी आणा आणि महिनाभर रोज दहा मिनिटं हे करा, माझ्या मते अर्धा कोर्स इथंच होतो.

टेबलची उंची: टेबलशेजारी ताठ उभं राहा, हात सरळ खाली सोडा, मूठ वळा. मुठीची बोटं टेबलला टेकली पाहिजेत. टेबल उंच असेल तर खांदे वर चढतात, फार खाली असेल तर कंबर जाते.

अंगठा मागे वाकवून दाब द्यायचा नाही, अंगठा आणि मनगट एका रेषेत पाहिजे. रुंद जागेला पुढचा हात, खोल जागेला मूठ किंवा कोपर, अंगठा फक्त बारीक कामाला, आणि तेही थोडाच वेळ.

हे सगळं माहीत असून मी तिसऱ्या वर्षी चुकले. डिसेंबरचा सीझन, स्पामध्ये दिवसाला सात-आठ मालिश, नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि घाईत अंगठ्यानंच ओढत गेले. एक दिवस सकाळी चहाचा कप उचलेना, अंगठ्याच्या मुळाशी मनगटात सुरी फिरल्यासारखी कळ. डॉक्टर म्हणाले तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांचं आवरण सुजलंय, याला डी क्वेर्वेन म्हणतात, पट्टा बांधा आणि सहा आठवडे काम बंद. सहा आठवडे पगार बंद, खोलीचं भाडं चालू. त्यानंतर मी दिवसाला चार, फार तर पाच, याच्यावर कधी गेले नाही, आणि दोन मालिशच्या मधे पंधरा मिनिटं घेतेच. नवीन असाल तर पहिले सहा महिने तीनच करा. हाताला मुंग्या येणं, रात्री बोटं बधिर होणं, पकड सुटणं यातलं काहीही झालं तर तेल लावून दामटत बसू नका, लगेच डॉक्टरला दाखवा.

६. कधी हात लावायचा नाही

मालिश करण्याआधी पाच मिनिटं प्रश्न विचारायचे आणि लिहून घ्यायचे. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण, कॅन्सर, तेलाची किंवा कशाची अ‍ॅलर्जी. बदामाचं, शेंगदाण्याचं तेल काहींना अजिबात चालत नाही.

सरळ नाही म्हणायचं ते असं: ताप, अंगावर पुरळ किंवा नायटा, उघडी जखम, नवीन फ्रॅक्चर, आणि एकाच पायाला अचानक आलेली सूज. डॉक्टरांच्या परवानगीनेच ते असं: गरोदर बाई, कॅन्सर, नुकतं झालेलं ऑपरेशन, ताब्यात नसलेलं बीपी. पायाच्या फुगलेल्या शिरांवर दाब द्यायचा नाही.

एकाच पायाची सूज असं का लिहिलं ते सांगते. एक बाई मुलीकडून अमेरिकेहून परत आल्या, दोन दिवस झाले होते, म्हणाल्या डाव्या पोटरीत गोळा आलाय गं, जरा जोरात चोळ. मी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवला. उजवी मऊ, गार. डावी टम्म, कातडी ताणून चकाकत होती आणि हाताला गरम लागली. मी म्हटलं मी हात लावणार नाही, आज म्हणजे आजच डॉक्टरकडे जा. त्या रागावल्या, एवढं बोलावलं आणि काही न करता चाललीस. संध्याकाळी त्यांच्या मिस्टरांचा फोन आला, सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. मी ती चोळली असती तर गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती. लांबचा विमानप्रवास, ऑपरेशन, बाळंतपण, बरेच दिवस अंथरुणाला खिळणं, यानंतर पोटरी दुखते म्हटलं की आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा.

बाळ-बाळंतिणीचं: सिझेरियन असेल तर पोटाला आणि टाक्यांना हात नाही, बाकी अंगालाही डॉक्टर हो म्हणाल्यावरच. बाळाच्या कानात-नाकात तेल सोडायचं नाही, छाती पिळायची नाही, हातपाय ओढून उलटे करायचे नाहीत, नाक वर यावं म्हणून चिमटायचं नाही, धुरी द्यायची नाही. घरातल्या आजी म्हणतील आमच्या वेळी सगळं करायचो. आजींना उलट बोलू नका, बाळाच्या डॉक्टरांनाच विचारूया म्हणा. आजी ऐकतात.

७. सराव कुठं करायचा

कोर्सनंतर निदान पन्नास वेगवेगळ्या अंगांवर हात बसला पाहिजे. घरचे, मैत्रिणी, शेजारच्या काकू, जाड, बारीक, म्हातारं, व्यायाम करणारं. पैसे घेऊ नका, पण प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा: कुठं दाब जास्त झाला, कुठं कमी पडला, कुठं नकोसं वाटलं.

आणि एक मनापासून सांगते, आषाढी वारीत जा. पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपून द्यायची सेवा बरेच जण करतात, त्यांच्यात सामील व्हा. माऊलींची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढून सासवडला पोचते तो टप्पा मोठा, त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बसले तेव्हा एका मागून एक किती पाय हातात आले ते मोजलंच नाही. फोड आलेले, टाचा फुटलेल्या, पोटऱ्या लाकडासारख्या. एक आजी पाय पुढे करायला तयार नव्हत्या, माझ्या पायाला कशाला हात लावतेस माऊली म्हणून त्याच माझ्या पाया पडल्या. पाय धुवायला पाणी, स्वच्छ फडकं, खोबरेल तेल, आणि फोडांना हात न लावता वरच्या वर पोटरी, एवढंच करायचं. लोक काय म्हणतील असं जे घरचे मला दोन वर्षं म्हणत होते त्यांनी मला तिथं बसलेलं बघितलं, मग तो विषय आमच्या घरी परत निघाला नाही.

८. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं: आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची मार्कलिस्ट, कोर्सचं सर्टिफिकेट, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र (ऑनलाइन अर्ज होतो), डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, बँक पासबुक, फोटो. सगळ्याच्या झेरॉक्सचा एक वेगळा सेट ठेवा.

सापळा: नोकरी देताना ओरिजिनल मार्कलिस्ट ठेवून घेतात. माझी एका ठिकाणी ठेवून घेतली होती, सोडताना तीन महिने फेऱ्या मारल्या. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची.

सामान: घडीचं टेबल (आधी सेकंडहँड बघा, पण बिजागऱ्या आणि पाय हलवून तपासा), तीन चादरी, सहा टॉवेल, तेलाच्या पंप बाटल्या, स्टीलची दोन भांडी, सॅनिटायझर, नेलकटर, गिऱ्हाईकासाठी रबरी स्लिपर. तेल लावल्यावर फरशीवरून पाय घसरून पडणारी माणसं मी बघितलीत, स्लिपर विसरू नका. तेल डायरेक्ट गॅसवर गरम करायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवायची आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. सुरुवातीला तिळाचं आणि खोबरेल एवढं पुरे, औषधी तेलं वैद्यांना विचारूनच. तेलकट टॉवेल गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा आणि नीट वाळवा, ढिगात दाबून ठेवू नका, तेलाचे कपडे आतल्या आत तापून पेटू शकतात.

९. पहिली नोकरी

जागा बघायला दिवसा जा, बरोबर कोणीतरी घेऊन जा. रिसेप्शनला गिऱ्हाईकाचं रजिस्टर आहे का, बिल मिळतं का, दाराला बाहेरून कडी तर नाही ना, आधीपासून काम करणाऱ्या मुली तुमच्याशी मोकळेपणानं बोलतात का. पगार किती आणि टीपवर किती असं विचारल्यावर "टीपमध्येच भरपूर सुटतात" असं उत्तर आलं तर तिथून निघा. काही ठिकाणी मालिशच्या नावाखाली भलतंच चालतं, देहविक्रीच्या धंद्याविरुद्धच्या १९५६ च्या पिटा कायद्याखाली धाडी पडतात आणि तुम्ही काही केलेलं नसलं तरी नाव खराब होतं ते तुमचं.

चादरीची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा. गिऱ्हाईक कपडे बदलताना आपण बाहेर, आणि जेवढ्या भागावर काम तेवढाच उघडा. नव्या भागाकडे जाताना सांगून जायचं, "आता मांडीला घेते, चालेल ना?" कोणी वेडंवाकडं बोललं किंवा हात लावला तर हात पुसायचे, बाहेर यायचं, मॅनेजरला सांगायचं, मालिश पूर्ण करायची नाही. गिऱ्हाईकाकडून झालेला त्रासही २०१३ च्या पॉश कायद्यात येतो, म्हणजे कामाच्या जागी बायकांना होणाऱ्या लैंगिक त्रासाविरुद्धच्या कायद्यात, दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथं तक्रार समिती पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

१०. स्वतःचं सुरू करताना

निदान तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढल्याशिवाय करू नका. छोटी जागा घेतली आणि मोजकेच कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या शॉप अ‍ॅक्टप्रमाणे ऑनलाइन सूचना देऊन पावती मिळते, लोक त्यालाच गुमास्ता म्हणतात. उद्यम नोंदणी म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. कार्डावर "डॉक्टर" किंवा "फिजिओ" छापू नका. चरबी वितळते, मणक्यातला गॅप भरतो, लकवा बरा होतो असलं काही सांगू नका. अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते, आखडलेलं सुटतं, एवढं खरं आहे आणि तेवढ्यावरच गिऱ्हाईक परत येतं.

घरी जायचं असेल तर नवीन गिऱ्हाईक ओळखीतूनच घ्या, पहिल्या खेपेला घरातली दुसरी बाई हजर पाहिजे, लोकेशन घरच्यांना चालू ठेवा, तातडीच्या मदतीचा ११२ नंबर पहिल्या स्क्रीनवर. रेट आधीच मेसेज करून ठेवा, जाण्यायेण्याचा वेळ त्यात धरून, नाहीतर कोथरूडहून खराडीला जायचं आणि दोन तास ट्रॅफिकमध्ये फुकट जायचे.

आणि एक वही करा. प्रत्येक गिऱ्हाईकाला एक पान, तारीख, काय दुखत होतं, कुठं हात लावायचा नाही, दाब किती, कुठलं तेल, पुढच्या वेळी काय बघायचं. माझ्या वहीत एका काकूंच्या पानावर चार वर्षांपूर्वी लिहिलंय, "उजवा खांदा वर जात नाही, केस विंचरायला सून लागते." डॉक्टरांनी दिलेला व्यायाम त्या करत होत्या, मी आठवड्याला दोनदा जात होते, आणि सात महिन्यांनंतरच्या ओळीत आहे, "आज वेणी स्वतः घातली." परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते पान त्यांना वाचून दाखवलं.